सात मिनिटांची पहाट

मांडवीच्या वाळूत एक मुलगा पँट गुडघ्यापर्यंत दुमडून उभा होता आणि प्लॅस्टिकच्या कॅनमध्ये समुद्र भरत होता. लाट आली की कॅन पुढे करायचा, लाट गेली की तिला शिव्या द्यायचा... म्हणजे शिव्याच असाव्यात, वाऱ्यात मला नीट ऐकू येत नव्हतं. नव्व्याण्णव सालच्या ऑगस्टातली दुपार. पाऊस जरा दम खात होता आणि मी प्रॅक्टिकल बुडवून भाजलेलं कणीस खात होते.

"अहो, समुद्र घेऊन कुठे निघालात?" मी विचारलं.

त्यानं वर पाहिलं. रापलेला चेहरा, कपाळाला चिकटलेले केस आणि डोळ्यांत 'ही कोण आता' असा स्पष्ट त्रास.

"कॉलेजात."

"तिथे कमी पडला काय?"

"नाटकाला लागतो. दिव्यांना." त्यानं कॅनचं झाकण लावलं. "मिठाचं पाणी लागतं. समुद्र दारात असताना मीठ कालवत कोण बसणार?"

मला हसू आवरेना. कणसाचे दाणे ओढणीवर सांडले.

तर गोष्ट अशी होती. आमच्या कॉलेजच्या नाट्यविभागाकडे दिवे होते, पण ते हळूहळू उजळवायची यंत्रं नव्हती. ती मुंबईहून भाड्यानं यायची, तीही फक्त स्पर्धेपुरती. एरवी जुनीच युक्ती चालायची. स्टेजच्या उजव्या बाजूला एक लाकडी माळा होता. तिथे कमरेएवढे चार खापरी नळ उभे केलेले, बुडं सिमेंटनं बंद, आत मिठाचं पाणी. तळाशी तांब्याचा एक पत्रा आणि वरून दोरीला टांगलेला दुसरा. दोरी सोडत गेलं की वरचा पत्रा खालच्याच्या जवळ जातो आणि दिवा उजळत जातो. ओढून घेतली की मंदावतो. सगळे त्या नळांना रांजण म्हणायचे.

"ह्या पाण्यानं दिवा उजळणार नाही," मी म्हटलं. "भस्सकन पेटेल. एवढ्या मिठातून वीज सुसाट जाते. पत्रा पाण्याला टेकला की संपलं."

"तुम्हाला काय म्हाईत?"

"टी.वाय. फिजिक्स."

"मग प्रॅक्टिकल सोडून हितं काय करताय?"

"ह्यालाच प्रॅक्टिकल म्हणतात." मी ओढणी झटकली. "पैज लावा. दिवा हळूहळू उजळला तर तुमचे कॅन मी वाहून नेईन. भस्सकन पेटला तर दोरी माझ्या हातात द्यायची."

तो माझ्याकडे बघत राहिला. मग एक कॅन उचलून माझ्यापुढे ठेवला. "आत्ताच न्यायला लागा," म्हणाला. आणि पहिल्यांदा हसला... वरचा एक दात किंचित तिरका. मी तो तेव्हाच पाहून ठेवला.

त्याचं नाव स्वरूप. लांज्याच्या पुढच्या गावचा. वडील मुंबईला कामाला, आई गावी शेतीत, हा हॉस्टेलला. आणि विभागाच्या दारावर लागलेल्या यंदाच्या हंगामाच्या पोस्टरवरचं तिसरं नाटक ह्याचं होतं. पहिली दोन नाटकं शाईनं लिहिलेली. एक आप्पांचं ऐतिहासिक, एक शौनकचं विनोदी. तिसरं मात्र पेन्सिलीनं: 'होडी येईपर्यंत', आणि पुढे कंसात 'ठरल्यास'.

"ठरल्यास म्हणजे?"

"आप्पांनी बघून पास केलं तर." आप्पा म्हणजे विभागाचे प्रमुख. तीस वर्षं नाटकं बसवत आलेले, आणि 'ठरलं' हा शब्द त्या खोलीत फक्त त्यांचा. "शेवटी सात मिनिटं संवादच नाय. एक बाई रातभर खाडीवर होडीची वाट बघते आणि पहाट होते. नुसती पहाट. आप्पा म्हणतात, लोक उठून जातील. ती पहाट दिसली तर नाटक राहील, नायतर पेन्सिल खोडायला कितीसा वेळ लागतो?"

त्या संध्याकाळी आम्ही एका रांजणात समुद्र ओतला. स्वरूपनं दोरी अगदी जपून सोडली. पत्रा पाण्याला टेकला मात्र, स्टेजवर दुपारचे बारा वाजले. खाली उभी असलेली उल्का, त्या नाटकातली बाई आणि माझी शाळेपासूनची मैत्रीण, डोळ्यांवर हात घेऊन ओरडली, "मेल्या, पहाट आहे की बॉम्ब?"

स्वरूपनं दोरी माझ्या हातात दिली.

आता ह्यात एक अडचण होती. विभागात एक नियम होता, कुठे न लिहिलेला. मुलींनी माळ्यावर चढायचं नाही. मुली स्टेजवर, नाहीतर मेकअपच्या खोलीत. वीज आणि शिडी मुलग्यांकडे. नियम आप्पांचा, आणि तो मोडलेला कुणी पाहिला नव्हता.

"आप्पा पाच वाजता घरी जातात," स्वरूप म्हणाला. "सव्वापाचला चढ. मी कुणाला सांगत नाय."

मी चढले. पायाखाली लाकडी फळी, पायात रबरी चप्पल, अंगात सलवार-कमीज आणि डोक्यात राग. चोरून चढायचा राग. पण दोरी हातात आली की तो जायचा. नळाच्या पाण्यात कितीसं मीठ घालायचं, पाणी तापलं की दिवा आपोआप चढतो म्हणून मधेच दोरी बोटभर वर कशी घ्यायची, हे सगळं मी तीन आठवड्यांत शिकले. तळहाताला वळ उठले. स्वरूप खालून म्हणायचा, "हळू... अजून हळू गो... तिला अजून होडी दिसलेली नाय."

"तुला काय दिसतंय तिथून?"

"तुझे पाय."

"उल्काकडे बघ! दिग्दर्शक आहेस ना?"

"तिच्याकडे बघायला सगळं थिएटर असणार हाय."

अशा वेळी दोरी सारखी धरणं किती कठीण असतं, ते धरणाऱ्यालाच कळतं.

माझी पहाट मात्र मनासारखी होईना. मी चारशेवीस आकडे मोजायचे आणि सारखा-सारखा उजेड वाढवायचे. तो म्हणाला, "हे पंख्याचं बटण झालं. खरी पहाट बघितलीयस कधी?" नव्हती बघितली, सात वाजेपर्यंत झोपणारी मुलगी मी. मग रविवारी भाट्याच्या पुलावर जायचं ठरलं. तिथून खाडीच्या वरच्या अंगाला डोंगर दिसतात आणि आमच्याकडचा सूर्य त्या डोंगरांमागूनच येतो.

आदल्या दिवशी आईनं विचारलं, "एवढ्या पहाटे कुठे निघालीस?"

"पहाट मोजायला जात्ये."

"कोणाबरोबर?"

"उल्का येत्ये. आणि... दिग्दर्शक."

"त्याला नाव असेल की."

"स्वरूप," मी म्हटलं. आई थांबली. पुढच्या शब्दासाठी थांबली होती, ते मला कळलं. आमच्या घरात आडनाव ऐकलं की माणूस कुठल्या पाटावर बसवायचा ते ठरतं. मांडवकर हा शब्द माझ्या ओठांपर्यंत आला आणि मी तो गिळला. आप्पांच्या नियमाला लाथ मारणारी मी, आईच्या एका प्रश्नाला घाबरले. रात्रभर माझी मलाच चीड आली.

पुलावर उल्का कठड्याला टेकून उभ्याउभ्याच पेंगत होती. आम्ही दोघं काळ्या पाण्याकडे बघत होतो. आधी काहीच बदलत नाही. मग पाणी डोंगरापेक्षा किंचित फिकं होतं, आणि कधी झालं ते सांगता येत नाही. परत बराच वेळ काही नाही. कुठेतरी वल्ह्याचा आवाज. मग एकदम आपले स्वतःचे हात दिसतात.

"बघितलंस?" तो हळूच म्हणाला. "थांबते, जाते, परत थांबते. लाजतेय ती."

"पहाट?"

त्या उजेडात मला त्याचा तिरका दात दिसला, म्हणजे तो हसत होता. आमची बोटं कठड्यावर शेजारी-शेजारी होती. मधे करंगळीएवढी जागा. ती जागा कुणीच ओलांडली नाही.

"घरी काय सांगून आलीस?"

"दिग्दर्शकाबरोबर जात्ये म्हटलं."

"आणि नाव?"

"सांगितलं..." मी थांबले. "अर्धं."

तो खाडीकडे बघत राहिला. "आमच्या इथं पूर्ण नाव सांगतात," म्हणाला, अगदी साध्या आवाजात. रागावला असता तर सोपं गेलं असतं.

"तू तरी माझं नाव आप्पांना कुठे सांगितलंयस?" मी म्हटलं. आणि ते खरंच होतं. मी त्याच्या माळ्यावर लपलेली, तो माझ्या घरी.

आप्पांना नाटक दाखवायचा दिवस शनिवार होता. हस्ताचा पाऊस लागलेला. दुपारी दोनला पोचले तर माळ्याखाली स्वरूप डोकं धरून बसलेला. चारही रांजण कोरडे! पाण्याला वास यायला लागला होता, आप्पा येणार म्हणून ताजं भरूया, अशा चांगल्या बुद्धीनं ह्यानं काल सगळं ओतून टाकलं होतं. आणि आज कॉलेजचा पंप जळलेला, नळाला थेंब नाही. होते ते फक्त ऑगस्टात आणलेले समुद्राचे कॅन.

"संपलं," तो म्हणाला. "खोडू दे पेन्सिल."

"ऊठ," मी म्हटलं. "बाहेर काय पडतंय ते दिसत नाही काय?"

मागच्या पत्र्यावरून पागोळ्या नुसत्या कोसळत होत्या. आम्ही बादल्या लावल्या. भरलेली बादली तो शिडीवरून वर द्यायचा, मी ओतायची. दोघंही नखशिखांत भिजलो. पण पावसाच्या पाण्यात जीव नसतो. नुसत्या त्या पाण्यानं दिवा मिणमिणतासुद्धा नाही. मग मी त्याच्या कॅनमधला समुद्र घेतला. एक मग. ढवळून बोट बुडवून जिभेला लावलं.

"हे काय करतेस?"

"आमटी चाखत्ये. अळणी आहे."

अजून अर्धा मग. ह्या वेळी त्यानं बोट बुडवलं. "आता जमली आमटी," तो गंभीरपणे म्हणाला. आम्ही एकमेकांकडे पाहिलं... आणि इतके हसलो की शिडी हलली. त्याच्या पापण्यांवर पाणी होतं. मला ते पुसावंसं वाटलं, फार वाटलं. पण हात खारट होता आणि साडेतीन वाजले होते.

चारला आप्पा आले. पहिल्या रांगेत बसले, शेजारी स्वरूप, मागे शौनक आणि बाकीचे. नाटक झालं आणि शेवटची सात मिनिटं आली. उल्का खाडीकडे तोंड करून उभी राहिली. मी दोरी सोडली. मोजलं नाही. भाट्याचा पूल आठवला... थांबले, सोडली, थांबले. पाणी तापलं तेव्हा बोटभर वर घेतली. उल्काला तिचे हात दिसले आणि तिनं ते असे काही पाहिले की मला खाली वाकून बघायचा मोह झाला.

उजेड पूर्ण झाला. कुणी उठून गेलं नव्हतं. आप्पांनी चष्मा काढून पुसला. "जमलं रे," ते शेजारच्या स्वरूपला म्हणाले. आणि मग त्यांच्या लक्षात आलं. "तू इथे बसलायस. मग वर कोण आहे?"

आता तो काहीतरी थाप मारणार, असं मला वाटलं.

स्वरूप उभा राहिला. "ऋजुता आगाशे," तो मोठ्यानं म्हणाला. "ऑगस्टपासनं तीच करतेय, आप्पा. मी तुमच्यापासून लपवलं ते चुकलं. तिला वर चढवलं ते नाय चुकलं."

आप्पांनी चष्मा परत चढवला. "नाटक शाईत घेऊ," आप्पा शेवटी म्हणाले. "पण प्रयोगाला उजेड शौनक करेल. नियम तो नियम."

"मग नाटक नको," स्वरूप म्हणाला. "काढून टाका पोस्टरवरनं."

हे ऐकून मी वितळले असेन, असं वाटतं ना? मी भडकले. तशाच भिजल्या कपड्यांत शिडी उतरून पुढे गेले.

"नाटक काढायचं नाही!" मी त्याला म्हटलं. "माझ्यासाठी त्याग करायला तुला कोणी सांगितलं? मला विचारलंस?" मग आप्पांकडे वळले. "आप्पा, शौनकला आत्ता वर पाठवा. त्याच्या हातून पहाट झाली तर मी परत माळ्यावर चढणार नाही."

शौनक हसत-हसत वर गेला. त्यानं दोरी सोडली, आणि होडी, खाडी, उल्का, सगळं एका क्षणात लख्ख. पुन्हा केलं. पुन्हा लख्ख. उल्का स्टेजवरून म्हणाली, "शौनक, अरे मला निदान दात तरी घासू दे!" मागची मुलं हसून लोळली.

आप्पा हसले नाहीत. ते माझ्याकडे बारीक डोळे करून बघत होते. त्यांनीही तरुणपणी रांजण भरले असणार, हे मला तेव्हा सुचलं.

"पाणी तापलेलं होतं ना गो?"

"हो."

"तापलेल्या पाण्यात सुरुवातीलाच दोरी वर घ्यावी लागते. ते त्याला सांगितलं का नाहीस?"

"त्यानं विचारलं नाही."

आप्पांचे खांदे हलायला लागले. त्यांना हसताना मी पहिल्यांदाच पाहिलं. "आगाऊ आहेस," ते म्हणाले, खिशातून पेन काढलं आणि विभागाच्या दारावरच्या पोस्टरकडे गेले. पेन्सिलीवरून शाई फिरली, कंस खोडला गेला. खाली त्यांनी स्वतःच्या हातानं लिहिलं: 'प्रकाश : ऋजुता आगाशे'. माझं पूर्ण नाव दारावर होतं. मी ते दोनदा वाचलं, आणि मग स्वरूपकडे बघायची मला लाज वाटली. कारण आता एका पूर्ण नावाची बाकी राहिली होती, आणि ती माझ्याकडे होती.

प्रयोग डिसेंबरातल्या दुसऱ्या शनिवारी झाला. थिएटर भरलेलं. तिसऱ्या रांगेत आई ठेवणीतल्या जरीच्या साडीत, ताठ बसलेली. शेवटची सात मिनिटं सुरू झाली, मी दोरी सोडायला लागले, आणि माळ्याची शिडी कुरकुरली.

"ऋजुता..."

"खाली जा. दोन मिनिटं झालीत."

"मला सांगायचंय."

"मला पहाट करायच्येय."

"कर की. तुझे हात अडकलेत म्हणूनच आत्ता सांगतोय, नायतर तू भांडशील." तो मागे उभा होता. त्याचा श्वास मानेवर जाणवत होता. "मला तू आवडतेस. मांडवीवर कणीस खात हसलीस, तेव्हापासनं. बस. झालं सांगून."

पाणी तापत होतं. दोरी बोटभर वर घ्यायची वेळ झाली होती, मी ती चांगली दोन बोटं ओढली. स्टेजवरचा उजेड जरासा लाजल्यासारखा मागे सरला. उल्कानं मान वर केली, तिला वाटलं हे आम्ही ठरवूनच केलंय. मग मी दोरी सोडली, हळू... अजून हळू... आणि तिला तिचे हात दिसले.

टाळ्या सुरू झाल्यावर मी दोरी खुंटीला बांधली. नीट, दोन गाठी मारून. मग वळले.

"आता विचार."

"मी विचारलं नव्हतं. सांगितलं होतं."

"मग विचार ना, मेल्या!"

"...मी आवडतो तुला?"

"आवडतोस. मला एम.एस्सी. करायच्येय. पुढच्या हंगामातलं एक नाटक मी बसवणार आहे. आणि माझ्यासाठी परस्पर त्याग करायचा नाही, आधी विचारायचं. हे सगळं चालणार असेल तर... हो. फार आवडतोस."

"आणि तुझ्या नाटकाला उजेड कोण करणार?"

"तू. पाणी भरायला मी शिकवीन."

"समुद्राचं चालेल?"

"दीड मग," मी म्हटलं आणि त्याच्या पापणीला हात लावला. कोरडी होती. तरी पुसली.

खालून आप्पांचा आवाज आला. "वरचे दोघं! लोक उभे आहेत. दोघंही स्टेजवर या, नमस्काराला!" माळ्यावरच्या माणसाला स्टेजवर बोलवायची आमच्याकडे रीत नव्हती. त्या दिवसापासून झाली. मी रबरी चपलांतच गेले. सगळ्यांनी हातात हात धरले, आणि स्वरूपनं माझा धरला. वाकून उठल्यावर बाकीच्यांनी हात सोडले. आम्ही सोडले नाहीत.

टाळ्या थांबल्यावर आई स्टेजवर आली. आधी माझ्या तळहातावरचे वळ पाहिले, मग दुसऱ्या हाताकडे पाहिलं, जो अजून त्याच्या हातात होता.

"हाच काय गो तो दिग्दर्शक?"

त्या दिवशी आईपुढे गिळलेला शब्द परत ओठांपर्यंत आला. आजूबाजूला आप्पा, शौनक, उल्का, निघायला उठलेले ओळखीचे लोक. स्वरूपची बोटं सैल झाली. सोडायची असेल तर सोड, असं तो न बोलता म्हणत होता. मी ती घट्ट धरली.

"हो. स्वरूप मांडवकर," मी म्हटलं. जरा जास्तच मोठ्यानं म्हटलं असेन, कारण दाराशी पोचलेली माणसंसुद्धा वळून बघायला लागली.